मंडपात कोंडलेली हवा

माझं अक्षर वाईट आहे, हे आधीच सांगते. चौथीनंतर हातात पेन आलं ते सहीपुरतंच. वेलांटी पहिली की दुसरी हे मला कधी कळलं नाही, हात वळेल तिकडं ती जाते. हा कागद कोणाच्या हाती पडलाच तर चुकांना माफी असावी आणि वाचताना हसू नये. बोलायला मला जमत नाही. चार माणसांत तोंड उघडलं की घसा कोरडा पडतो. म्हणून लिहिते.

लोकांना सापाची भीती असते, विजेची असते. मला हवेची आहे. साध्या वाऱ्याची नाही, उन्हाळ्यातल्या भर दुपारच्या, तापलेल्या हवेची. आता ती काय असते ते मला समजलं आहे, तरी भीती गेलेली नाही.

माझं माहेर कुरुंद्यापासून जवळच. गावाच्या एका अंगाला मोठा माळ आणि त्याच्या पुढं नांगरून टाकलेली काळी शेतं. दुपारी सगळं शांत झालं की त्या ढेकळांवर कुठूनतरी धुळीचा खांब उभा राहायचा. गरगर फिरत, पाचोळा उचलत तो माळावर चालायचा. आई म्हणायची, त्याच्याकडं बघायचं नाही, त्यात हवेतलं काहीतरी असतं. वावटळ अंगावर आलीच तर खाली बसायचं, पायातली चप्पल काढून तिच्यासमोर धरायची आणि थुंकायचं. आम्ही सगळी लेकरं तसंच करायचो.

एकदा मी सापडले. डोक्यावर तुराट्यांचा, तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा, भारा होता, त्यामुळं बसता आलं नाही आणि चप्पलही काढता आली नाही. आधी पायांना गरम लागलं, मग कानात घूं झालं, डोळ्यांत माती गेली. डोक्यावरचा भारा एकाएकी हलका झाला, जसा कोणी वरून धरला. तुराट्या सुटून वर गेल्या आणि लांब जाऊन पडल्या. माझे पाय जमिनीवरच होते, पण ते हलकं होणं अंगात राहिलं. घरी येऊन मी काही सांगितलं नाही. तुराट्या कुठं गेल्या म्हणून आईनं विचारलं, मी सांडल्या म्हणाले.

पाचवीची शाळा माळाच्या पलीकडच्या गावात होती. दुपारी ती सुटली की तोच माळ ओलांडून यायचं. मी पोट दुखतं म्हणून घरी राहायला लागले, मग जायचीच बंद झाले. घरी कामाला हात हवाच होता, कोणी जास्त विचारलं नाही.

लग्न होऊन या गावी आले. आमचे मालक हिंगोलीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करतात. मी गावाजवळच्या हळदीच्या गोदामात पोती शिवते. हातात धरायचं मशीन असतं, वरून दोऱ्याचा रीळ. भरलेल्या पोत्याचं तोंड मशीनखालून नेलं की साखळीसारखी शिवण पडते. या शिवणीची एक गंमत आहे. एका टोकानं कितीही ओढा, ती घट्टच होत जाते. दुसऱ्या टोकाची गाठ कापून दोरा ओढला की सगळी शिवण सर्रकन उसवते, एक टाका राहत नाही. मोंढ्यात हळद ओतायची असली की तसंच करतात. त्यासाठी एक छोटी कात्री कायम माझ्या कमरेच्या पिशवीत असते.

आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या पोरीचं लग्न निघालं, तेव्हाची ही गोष्ट. मंडप आमच्याच गावातल्या मंडपवाल्यांचा. मोबाइलवर अवकाळी पावसाचं सांगून राहिले होते. मंडपवाल्यांकडचं जुनं छत सुती, ठिकठिकाणी विरलेलं. पावसात ते टिकलं नसतं, म्हणून त्यांनी पाणी न गळणारं नवं प्लास्टिकचं कापड आणलं. पण ते आलं पट्ट्यांमध्ये. शिंप्याच्या मशीनची सुई त्यावर मोडायला लागली, तेव्हा ते आमच्या दारात आले.

"वहिनी, तुमचं पोत्याचं मशीन यावर चालंल काय? पाण्याचा थेंब आत येऊ नये बघा. शिलाई देतो."

मी मान हलवली. गोदामाच्या मालकाला विचारून मशीन घरी आणलं आणि अंगणात बसून पट्ट्या जोडल्या. कडा दुमडून घेतल्या, टाके जवळ जवळ घातले. शिवण छताच्या एका कडेपासून वर शेंड्यावरून पलीकडच्या कडेपर्यंत जात होती. शेवटच्या गाठी बायका बसतात त्या बाजूला आल्या. मंडपवाल्यांनी कापडावर घागरभर पाणी ओतून पाहिलं. खाली थेंब आला नाही. "याच्यातून हवा बी जायची न्हाई," ते म्हणाले. मला बरं वाटलं. एवढं कौतुक माझं कोणी केलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी पाऊस आला नाही, ऊन आलं. मंडप शाळेसमोरच्या सिमेंटच्या रस्त्यावर होता. तिथं खांब पुरता येत नाहीत, म्हणून लोखंडी पाइप नुसते उभे करून दोरखंड दगडांना बांधले होते. बाजूलाच नांगरलेलं शेत. दुपार झाली तशी तिकडून झळ यायला लागली. म्हाताऱ्या माणसांना त्रास नको म्हणून पुरुषांनी चारी बाजूंच्या कनाती खाली सोडल्या आणि खाली दगड ठेवले. आम्ही घराची दारं दुपारी लावून घेतो तसंच. आचाऱ्याची भट्टी बाहेर होती, वाऱ्यानं जाळ एकीकडं जात होता. त्यानं कुरकुर केली म्हणून भट्टीही आतल्या कोपऱ्यात घेतली. सुती कापडाखाली हे दर वर्षीच चालायचं, कोणाला काही वावगं वाटलं नाही.

थोड्या वेळानं छत फुगलं. आधी मधोमध, मग कडेपर्यंत. एक सुरकुती राहिली नाही.

"कसा तट्ट उभा राहिला बघा मंडप," कोणीतरी म्हणालं. "नवं कापड ते नवंच."

जाऊबाई हसून मला म्हणाल्या, "पोत्यावाली जाऊ कामाला आली म्हणायची."

मी वर बघत होते. पाइप हळूच टेकत होता आणि उचलत होता. सिमेंटवर लोखंडाचा बारीक आवाज येत होता, टक, टक.  तुराट्यांचा भारा हलका झाला तेव्हा असंच काहीतरी झालं होतं. हे कोणाला सांगावं असं वाटलं, पण सांगणार काय? मंडप हलका झालाय म्हणून? 

तेवढ्यात शेतातून ती आली, कनातीच्या फटीतून मला दिसली. नांगरलेल्या ढेकळांवर धूळ उभी राहिली, फिरायला लागली आणि सरळ रस्त्याकडं वळली. दोन-तीन बायकांनी चपला काढून हातात घेतल्या. मीही खाली वाकले, चप्पल काढली. त्याच क्षणी आमच्या बाजूची कनात वर उडाली, वावटळ आत शिरली आणि कोपऱ्यातला दगड सरकला. पलीकडून पुरुष ओरडले, "दोऱ्या धरा, दोऱ्या धरा."

कोपऱ्याची दोरी माझ्या लेकीनं धरली.

ती सातवीत होती, अंगानं काडी. आमच्या घरी बकरी आहे. बकरी हातातून निसटू नये म्हणून दोरीचा फेरा मनगटाला मारून धरायचं, हे मीच तिला शिकवलेलं. तिनं तसंच धरलं. छताचा कोपरा पाइपासकट उचलला आणि त्याच्याबरोबर तीही. आधी टाचा, मग बोटं. मग तिच्या पायांखाली मला रस्त्यापलीकडचं शेत दिसलं.

ती ओरडली नाही. माझ्याकडं बघत राहिली. मलाही ओरडता आलं नाही. लोक म्हणतात की अशा वेळी आईच्या तोंडून आपोआप हाक निघते. माझ्या तोंडून निघाली नाही. आमचे मालक पलीकडच्या बाजूला पाइपाला लटकले होते, कापडाच्या आड त्यांना लेक दिसतही नव्हती. एका बाईनं तिचा पाय धरायला उडी मारली, हाती चप्पल आली.

कोपरा वर गेला होता, पण मधल्या शिवणीचं टोक आमच्या बाजूच्या मधल्या पाइपापाशी होतं, तिथं कड अजून माझ्या हाताला लागत होती. गाठ दिसली. ती मीच मारली होती. मी काही विचार केला असं म्हणणार नाही. फुगलेलं पोतं दिसलं आणि पोतं कसं उघडतात ते हाताला ठाऊक होतं. कात्रीनं गाठ कापली, दोरा बोटाला गुंडाळला आणि अंगाचा सगळा भार टाकून ओढला.

शिवण सर्रकन गेली. इकडून वर, शेंड्यावरून पलीकडं. छताच्या मधोमध फट पडली आणि तिच्यातून आभाळ दिसलं. आतली सगळी झळ त्या वाटेनं वर धावली. माझा पदर वर उडाला, भट्टीचा धूर उभा त्या फटीतून बाहेर गेला. मग छत एकदम ढिलं पडलं आणि खाली यायला लागलं. लेक कनातीच्या ढिगावर पडली. मी तिला पोटाशी धरलं तेव्हा माझी एक चप्पल अजून माझ्या काखेत दाबलेली होती.

तिच्या मनगटाची साल निघाली होती, दुसरं काही नव्हतं. पण कापड भट्टीवर पडलं. प्लास्टिकच ते, आक्रसत वितळत गेलं. आचाऱ्यानं भाताच्या पातेल्यातलं पाणी ओतून जाळ विझवला. कोणी भाजलं नाही. लग्न पिंपळाखाली लागलं, उशिरा.

संध्याकाळी मंडपवाले जळालेलं कापड पसरून बसले होते. मी लेकीला घेऊन भिंतीशी उभी होते.

"वाऱ्यानं फाटलं असतं तर माझं नशीब म्हणलो असतो," ते म्हणाले. "पण हे तुमी उसवलं, वहिनी. सगळ्यांनी बघितलं. मी बी हप्त्यानं घेतलेलं कापड हाय हे."

आमचे मालक चिडले. "पोरगी वर चालली होती, दिसत न्हवती काय?"

"पोरीच्या आड मी कुठं येऊन राहिलो? पोरगी वाचली, चांगलं झालं. कापडाचं काय ते सांगा."

जाऊबाई पाहुण्यांसमोर बोलल्या, "लग्नात लोक अक्षता टाकतात. आमच्या जाऊनं मंडपच टाकला." लोक हसले. मग त्या लेकीजवळ आल्या आणि तिच्या मनगटाला हळद लावून गेल्या.

मी मालकांना हळूच म्हणाले, "मी देते. पोती शिवून देते थोडे थोडे." मंडपवाल्यांनी ते ऐकलं आणि कापड गुंडाळायला घेतलं.

घरी येताना मालक म्हणाले, "वरडायचं व्हतं ना एक बार. मी आलो असतो."

"आवाज न्हाई निघाला."



त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. अंगणात वाळत घातलेली साडी फडफडली की माझ्या हातातलं काम पडायचं. दुपारी लेकीला शाळेतून यायला पाच मिनिटं उशीर झाला तरी मी दारात उभी. आमच्या चुलीच्या वर छपराचा जो पत्रा आहे त्याला मी कधी घाबरले नव्हते, आता त्याच्याकडंही बघायला लागले. वावटळीतलं ते माझ्या लहानपणापासून माझ्या मागं आहे आणि तेव्हा तुराट्या घेऊन गेलं, आता लेकीसाठी आलं, असं मनात बसलं. मी नरसीच्या देवळात जाऊन नारळ फोडून आले. तरी झोप लागेना.

लेकीनं ते ओळखलं. एका सकाळी ती चुलीपाशी बसली. तिच्या हातात किराणावाला देतो तसली पातळ पिशवी होती.

"माय, हे बघ. घाबरू नको."

तिनं पिशवी तोंड खाली करून विस्तवावर लांबूनच धरली. पिशवी फुगली. तिनं बोटं सोडली आणि ती वर गेली, छपराला लागली, जराशानं थंड होऊन खाली आली. मी तोवर उठून दाराबाहेर गेले होते.

"ये ना आत. यात कोण बसलंय सांग."

"कोण बसलंय?"

"कोणीच न्हाई. गरम हवा हाय फक्त. आमच्या पुस्तकात हाय हे. हवा तापली की पसरते. तेवढीच हवा जास्त जागा घेते, म्हणून हलकी होते."

"तापली म्हणून वजन कुठं जातंय तिचं?"

"वजन तेवढंच राहतं. पण पसरते ना."

मला ते कळेना. लेक डोकं खाजवायला लागली. मग मला ज्वारीच्या लाह्या आठवल्या. नागपंचमीला मूठभर ज्वारी कढईत टाकली की टोपली भरते. ज्वारीचं मापटं हातात जड लागतं, तेच मापटं लाह्यांनी भरलं तर काहीच लागत नाही. दाणे तेच, पण फुलले म्हणून मापट्यात थोडेच मावतात. मी तसं म्हणाले.

"बराबर," लेक म्हणाली. "गरम हवा म्हणजे लाह्या. अन् बाहेरची थंड हवा म्हणजे ज्वारी."

"मग वर कोण ओढतं तिला?"

"ओढत कोणी न्हाई. बाजूची थंड हवा जड असते ना, ती खाली घुसते अन् हलकीला वर ढकलते."

रिकामी घागर विहिरीत दाबली तर हात वर फेकते, पाणी खालून रेटतं. ते मला माहीत होतं. हवाही तसंच रेटते, फक्त दिसत नाही. मी उंबऱ्यावर बसले आणि त्या दुपारचं सगळं परत मनात मांडलं. सिमेंट तापलेलं, भट्टी आत, कनाती बंद, वरचं कापड हवा न सोडणारं. आत लाह्या फुलत गेल्या आणि बाहेरची जड हवा खालून त्यांना आणि त्यांच्याबरोबर छताला वर रेटत राहिली. म्हणून पाइप टकटक करत होता. जुन्या सुती कापडातून हवा झिरपून जायची, म्हणून इतकी वर्षं काही झालं नाही. मंडप नुसत्या त्या हवेनं गेला नसता, लेक म्हणाली, पण हलका झाला होता, तेवढ्यात वावटळीनं धक्का दिला. आणि वावटळ म्हणजेही तेच. काळी ढेकळं तापतात, त्यावरची हवा उठते, तिच्या जागी चारी बाजूंनी दुसरी धावून येते आणि फिरायला लागते.

"म्हणजे भूत न्हाई त्यात?"

"भूत असतं तर त्यानं आधी आचाऱ्याची बुंदी नेली असती, मला कशाला नेलं असतं?"

मी हसले. पण खरं सांगायचं तर त्यानं भीती कमी झाली नाही, वेगळी झाली. भुताला चप्पल दाखवता येत होती. हवेला काय दाखवणार? ती कोणाच्या मागं लागलेली नाही, कोणावर रागावलेली नाही, नारळानं मानणारी नाही. जागा मिळाली नाही की उचलते, एवढंच. तिला वाट ठेवली पाहिजे, हे मात्र माझ्या डोक्यात बसलं.

पैसे मी देत राहिले. गोदामाचा पगार झाला की मंडपवाल्यांच्या दारात जायचे, नोटा ओट्यावर ठेवायचे आणि परत फिरायचे. त्यांची बायको चहा घ्या म्हणायची, मी थांबायची नाही. पैसे देताना मला कधी जड गेलं नाही. पोरीचे पाय परत जमिनीला लागले, त्याचे ते पैसे होते. जड जायचं ते मंडपवाल्यांच्या अंगणातून जाणं, कारण तिथं कुठलंतरी कापड वाळत घातलेलं असायचं आणि ते हलायचं.

पुढच्या लग्नसराईच्या आधी ते स्वतः आले. नवं कापड आणलं होतं, परत पट्ट्यांचं.

"शिवता काय, वहिनी? दुसरं कोणी एवढं घट्ट शिवत न्हाई."

 या वेळी मी बोलले. "वर शेंड्यावर शिवणार न्हाई मी. एक पट्टी दुसरीवर हातभर चढवते, पाणी निथळून जाईल. पण मध्ये मोकळं ठेवते. हवेला वाट पाहिजे."

"काहून?"

मी लाह्यांचं सांगितलं. माझ्यापरीनं सांगितलं, अडखळत. त्यांना सगळं पटलं की नाही देव जाणे. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली आणि म्हणाले, "ठेवा. पण मंडप पहिल्यांदा टाकीन त्या दिवशी तुमी यायचं. उडाला तर तुमच्यासमोर उडू द्या."

मी गेले.  लेकीला घरीच ठेवावं असं ठरवलं होतं, पण ती ऐकेना, माझा हात धरून आली. दुपार झाली, ऊन चढलं, आचाऱ्यानं भट्टी पेटवली. कनाती या वेळी खालून थोड्या उचलून बांधल्या होत्या. मी एका हातानं पाइप धरून उभी राहिले, दुसऱ्या हातात लेकीचं मनगट. तिथं अजून पांढरट वण आहे. पाइप उचलतो का, एवढंच मी बघत होते. शेताकडं धूळ उठली की डोळे मिटत होते. छत जरा फुगलं, मी पाइप आणखी घट्ट धरला. मग भट्टीचा धूर वर चढला, शेंड्यावरच्या त्या फटीशी गेला आणि बाहेर पडला. छत परत सैल झालं. पाइप टेकलेलाच राहिला.

जेवणं उठली तेव्हा मंडपवाले माझ्यापाशी आले आणि नव्या कापडाची शिलाई माझ्या हातात दिली. मी ती मोजली नाही. पिशवीतून गोदामाच्या पगारातले बाजूला ठेवलेले पैसे काढले, त्यांत ती मिसळली आणि सगळे त्यांच्यासमोर धरले. त्यांनी बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या आणि खिशात ठेवल्या.

"झालं, वहिनी," ते म्हणाले. "त्या जळालेल्या कापडाचे सगळे पैसे आले. माझं आता तुमच्याकडं काही न्हाई."